शुभदाताईंचे तह

शुभदाताई खांबेट्यांच्या जगात पहिलं महायुद्ध कुणीच जिंकलं नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्यात सगळ्या बाजूंचे सैनिक चिखलाला कंटाळले, त्यांनी बंदुका टाकल्या आणि ते आपापल्या घरी निघून गेले. त्यामुळे व्हिएन्नात बादशहा शाबूत होता, इस्तंबूलमध्ये सुलतान होता, रशियात झार होता आणि जर्मनीला कुणी नाक घासायला लावलेलं नव्हतं. "इथवर मी आणून दिलंय. पुढचं तुम्ही बघा," असं म्हणून त्या ओढणी कमरेला बांधायच्या आणि चहाचं बघायला आत जायच्या.

हे जग दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, बहुतेक वेळा सातव्या मजल्यावर त्यांच्या डायनिंग टेबलावर, पसरलेलं असायचं. मीना बाजारातून आणलेल्या पांढऱ्या कापडावर त्यांनी स्वतः नकाशा रंगवला होता. सैन्य म्हणजे कोटाची बटणं, आरमार म्हणजे ब्लाउजचे हूक. बटणं घ्यायला त्या बर दुबईला जायच्या तेव्हा दुकानदार विचारायचा, "आज कितने देश का काम है, मॅडम?" नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही बसलो होतो तिथे, त्यांनी एक बारीक मोती शिवला होता. कारण त्या काळात इथे मोती काढणारी माणसं सोडली तर कुणी नव्हतं, असं त्या सांगत.

ही आमची भिशी. भिशी म्हटलं की लोकांना पैसे आठवतात, आमची तशी नव्हती. महिन्यातून एका शनिवारी एकीच्या घरी जमायचं, पोटभर खायचं आणि युरोपचं काय करायचं ते ठरवायचं. आधी म्हणे सगळ्या हाउजी खेळायच्या. शुभदाताई ठाण्याच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, मग इथल्या इंडियन स्कूलमध्ये, आणि तिथून रिटायर झाल्यावर भिशीत आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कुणीतरी आकडा सांगायचा आणि आपण खोडायचा, यात आपलं काय कौतुक?" हाउजी त्या दिवशी खलास.

त्यांच्या खेळात करायचं एवढंच होतं, की दुसरं महायुद्ध होऊ द्यायचं नाही आणि तरीही आपला देश वाढवायचा. दिवाळीनंतर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून देश वाटले जायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत शांतता टिकवायची. ती कधीही टिकली नाही. एका वर्षी तर फेब्रुवारीतच युद्ध पेटलं, कारण आमच्यातल्या रूपालीला दिराच्या लग्नासाठी महिनाभर नाशिकला जायचं होतं आणि तिला आपला रशिया कुणाच्या ताब्यात सोडून जायचा नव्हता.

बाई बुटक्या, चालायला तुफान. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या घरात. दोन युद्धांमधल्या वर्षांबद्दल परवाच घडल्यासारखं बोलायच्या आणि परवा घडलेलं मात्र त्यांच्या लक्षात नसायचं. घरमालकाला त्या सुलतान म्हणायच्या. एसी दुरुस्त करणारा "इन्शाल्ला, टुमॉरो" म्हणाला की आम्हाला समजावून सांगायच्या, "हे बघा, नुसतं इन्शाल्ला म्हणजे बघू. इन्शाल्ला टुमॉरो म्हणजे नाही. परराष्ट्र खात्यातल्या लोकांना ट्रेनिंगला इथे पाठवायला हवं." महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसायच्या आणि समोरच्यालाही निम्मी द्यायच्या. हात गुंतले की माणूस खरं बोलतो, हा त्यांचा सिद्धांत. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी जणांनी त्यांच्यासमोर मेथी निवडत आपापली गुपितं ओकली आहेत. त्यात माझाही नवरा निघाला, पण ते पुढे.

गुप्त बोलणी यजमानिणीच्या स्वयंपाकघरात करायची, एका वेळी दोघींनीच. आत गेलं की कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या झाल्या की बाहेर यायचं. एकदा रूपालीकडे भिशी होती आणि तिने नुकताच सेलमध्ये विजेवरचा कुकर आणला होता. त्याला शिट्टीच नाही. ऑस्ट्रियावाली अनघा आणि तुर्कस्तानवाली एक बाई आत गेल्या त्या येईचनात. मुलांनी पिझ्झा मागवून खाल्ला. शेवटी रूपालीचा नवरा पाणी घ्यायच्या निमित्ताने आत डोकावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "दोघी रडतायत." बाल्कन वाटून झालं होतं, त्यानंतर विषय सासवांवर गेला होता. शुभदाताईंनी तो तह मान्य केला. म्हणाल्या, भिशीतला हा पहिला तह आहे ज्यात दोन्ही बाजू खरं बोलल्या. मात्र तेव्हापासून विजेचा कुकर असलेल्या घरी भिशी बंद.

मी भिशीत नवी होते तेव्हाची गोष्ट. मला बेल्जियम आलं होतं. मी एका मेडिकल लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. त्या शनिवारी लॅबमधून फोन आला म्हणून मी बाल्कनीत गेले, आणि परत आले तर बेल्जियम नव्हतं. जर्मनी आणि इंग्लंडने माझी बटणं आपसात वाटून घेतली होती. नवी होते, हसून सोडून दिलं. तेवढ्यात शुभदाताई भजी घेऊन बाहेर आल्या.

"ही कुठे होती तेव्हा?"

"फोनवर होती, ताई," अनघा म्हणाली.

"मग बटणं परत लावा."

"अहो ताई, गेम आहे."

"गेमच आहे. म्हणून तर परत लावता येतात." भज्यांचं ताट त्यांनी हातातच धरून ठेवलं, खाली ठेवलं नाही. "खोटं बोला, सैन्य हलवा, तह मोडा, माझं काही म्हणणं नाही. पण जिचा देश आहे तिला खुर्ची द्यायची. ती खोलीत नसेल तर तिच्याबद्दल बोलायचं नाही."

मी दोन भावांच्या घरातली धाकटी सून. माझ्या आयुष्यातले निर्णय माझ्यापर्यंत बातमी म्हणून पोचायचे. लग्नानंतर दुबईला जायचं आहे हे मला सासरे आलेल्या पाहुण्यांना सांगत होते तेव्हा कळलं होतं. त्यामुळे एक बाई माझ्या कापडावरच्या देशासाठी गरम भजी थंड करत उभी राहते, हे मला झेपलंच नाही. बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसून आले. त्या दिवसापासून मी शुभदाताईंची झाले. चौथ्या मजल्यावरून सातव्या मजल्यावर दिवसातून एक फेरी ठरलेली. लॅबमध्ये काम करायच्या लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा त्यांनीच मला पुन्हा बसवलं. रोज संध्याकाळी प्रश्न विचारायच्या. त्यांना त्या जंतूंची नावं उच्चारताही यायची नाहीत, पण उत्तर चुकलं की माझ्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

त्यांची कला भिशीपुरती नव्हती. खाली पार्किंगवरून एकदा तिसऱ्या मजल्यावरचा लेबनीज आणि आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा केरळी वॉचमन, यांच्यात मोठं वाजलं. बोलणं बंद, गाड्या वेड्यावाकड्या. दिवाळीचे दिवस होते. शुभदाताईंनी करंज्यांची एक ताटली लेबनीजला नेऊन दिली आणि सांगितलं, नातूरने पाठवल्यात. दुसरी नातूरला दिली आणि सांगितलं, वरच्या साहेबांनी. दुसऱ्या दिवशी दोघे एकमेकांना हबीबी म्हणत होते.

"ताई, हे खोटं झालं ना पण?" मी विचारलं.

"हा तह झाला," त्या म्हणाल्या. "आता गाड्या नीट लागतील की नाही?"

मी तेव्हा खूप हसले. कितीजणांना ही गोष्ट सांगितली असेन. अशा गोष्टीत आपण करंजी घेणाऱ्याच्या जागी नसलो की ती फार गोड लागते.

त्या वर्षी मला लॅबमध्ये सेक्शन इन-चार्ज केलं. त्याच सुमारास मिरजेला सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. माझा नवरा मंदार धावत गेला, पंधरा दिवस राहिला, परत आला. तो परत आल्यापासून गप्प होता. विचारलं की म्हणायचा, "काही नाही, आईची काळजी वाटते." मलाही वाटत होती. मी म्हटलं, आपण बोलू या, काहीतरी मार्ग काढू. तो म्हणायचा, "बोलू."

मग एका संध्याकाळी मी कपडे घड्या करत होते आणि माझी नऊ वर्षांची ईशा सोफ्यावर लोळत होती. तिने सहज विचारलं, "मम्मा, विल देअर बी अ स्विमिंग पूल इन माय मिरज स्कूल?"

"कुठल्या मिरज स्कूल?"

"शुभदा आंटी सेड देअर्स अ बिग ग्राउंड. बट शी डिडन्ट नो अबाउट द पूल."

माझ्या हातात टॉवेल होता, तो मी घडी करून ठेवला. तेव्हा मला आठवलं, रूपालीने परवाच लिफ्टमध्ये मला विचारलं होतं, तुझा हा सोफा किती वर्षांचा गं? मी म्हटलं होतं, का गं? ती म्हणाली, असंच. म्हणजे भिशीलाही माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मंदार आला तेव्हा मी विचारलं. त्याने नाकारलं नाही. सुटल्यासारखं खुर्चीत बसून घेतलं. म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो, स्मिता. ताई म्हणाल्या, आधी सगळं नीट ठरू दे, मग सांगू. एकदम सांगितलं तर बिघडेल."

मी वर गेले. शुभदाताईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. त्यांच्या यजमानांना, खांबेटेकाकांना, त्यांनी डोळ्यांनीच आत पाठवलं. चहा टाकते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांनी तरी टाकला.

कसं काय झालं ते त्यांनीच सांगितलं, काहीही लपवलं नाही. मंदार त्यांच्याकडे येत होता, मी ड्यूटीवर असताना. खांबेटेकाका होते. पुण्याचे मोठे दीर व्हिडिओ कॉलवर होते. दिरांनी हात वर केले होते, मंदारची नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती. उरले कोण, मी. मी ईशाला घेऊन मिरजेला जायचं.

"मंदार तीन वर्षं म्हणत होता," त्या म्हणाल्या. "मी दीडवर आणलं. त्याने दर दोन महिन्यांनी यायचं. दिवसा आईंसाठी बाई ठेवायची, तो खर्च मोठ्या दिरांचा. आणि मिरजेत हॉस्पिटलं काय कमी आहेत, तू नोकरी करायचीस. त्यालाही दोघं तयार झालेत."

"माझ्या नोकरीला तयार झाले?"

"अगं, तेच तर अवघड होतं. त्यावर दोन दिवस गेले."

हे सांगताना त्यांचा आवाज समाधानी होता. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. त्या मला फसवत नव्हत्या. त्यांना खरोखर वाटत होतं की त्या माझ्या बाजूने लढल्या आहेत.

"ताई, मी कुठे होते?"

"तू लॅबमध्ये होतीस."

"मी खाली राहते. तीन मजले खाली. एक फोन केला असतात तर मी आले असते. भिशीत माझं बेल्जियम गेलं तर तुम्ही भज्यांचं ताट धरून उभ्या राहिलात. मग आता?"

त्यांनी गॅस बंद केला. चहा कपात ओतला नाही. "तू नाही म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या.

"हो. म्हणाले असते."

"मग तो चिडला असता, तू चिडली असतीस, महिनाभर घरात आग. आणि शेवटी तू गेलीच असतीस, स्मिता. अटींशिवाय गेली असतीस."

मी तशीच वळले. खाली आले. इतक्या वर्षांत मी खूप जणांवर चिडले आहे, चिडणं मला जमतं. पण त्या दिवशी जे झालं त्याला चिडणं म्हणता येत नाही. ज्या बाईने मला उभं राहायला शिकवलं, तिने मनातल्या मनात मला कधीच उभं राहता येणार नाही असं धरून ठेवलं होतं. मंदारने मला विकलं असतं तर मी समजू शकले असते, तो घाबरलेला होता. शुभदाताईंनी मला चांगल्या भावात विकलं.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली जी या सगळ्या बोलण्यांत कुणालाच सुचली नव्हती. सासूबाईंना फोन केला. म्हटलं, मी तिकडे यावं असं तुम्हाला वाटतं का.

 मग त्या म्हणाल्या, "मला कोण विचारतंय? दोन्ही पोरांनी सांगितलं, स्मिताच यायचं म्हणते. म्हटलं, बरं बाई. आता या वयात हिला सांभाळायचं."

"मी म्हटलंच नाही, आई."

"मग येऊ नको. इथं शेजारची मंगल रात्रीची झोपायला यायला तयार आहे, तिला ठेवू दे. तू आलीस की तुझी मुलगी इंग्रजीत बोलणार, मला कळणार नाही, मग तू मला सांगणार. कशाला तो व्याप? मंदारला महिनाभर पाठव, मला त्याच्या हातचा वरणभात खायचाय. लहानपणी छान करायचा."

मंदार महिनाभर गेला. मंगल राहिली. सासूबाई आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि मंगलशी रोज भांडतात. मंदारशी माझं जे काही व्हायचं ते झालं आणि मिटलं. नवराबायकोचं मिटतं, एका घरात राहावं लागतं.

शुभदाताईंचं मिटलं नाही. मी भिशी सोडली. लिफ्टमध्ये एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मंदारकडून कळलं. छान झालं. आईंना विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं." मी वाट बघत होते. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. मी उतरताना त्या म्हणाल्या, "पण अटी चांगल्या होत्या हं." मला हवी होती ती एक ओळ त्यांनी कधीच उच्चारली नाही. मी काही फार मागत नव्हते. त्यानंतर लिफ्टमध्ये त्या दिसल्या की मी मोबाइल काढायचे.

मागच्या वर्षी खांबेटेकाकांची कंपनी बंद पडली. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की माणूस. फ्लॅट रिकामा करायला सुरुवात झाली. भिशीने निरोप दिला, मी गेले नाही. ज्या दिवशी ते निघाले त्या दुपारी मी लॅबमधून आले तर सामानाची व्हॅन खाली उभी होती आणि खांबेटेकाका गाड्यांच्या आडोशाला फोनवर बोलत होते. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात.

"अरे अनिकेत, ठाण्याचा फ्लॅट विकू या, गिऱ्हाईक आलंय. आईला सांगतो मी तिथे पोचल्यावर. बाळ व्हायच्या आत ती टोरांटोला पोचेल, तू तिकीट काढ."

अनिकेत त्यांचा टोरांटोतला मुलगा. शुभदाताई वर्षानुवर्षं ठाण्याच्या त्या फ्लॅटबद्दल बोलायच्या. तलावपाळीपासून पायी जाता येतं, खाली भाजीवाली नावाने हाक मारते, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी दर गुरुवारी भेटतात. हे रिटायर झाले की मी आणि माझं ठाणं, असं म्हणायच्या. थंडीचं त्यांना भयंकर वावडं होतं, एसी वीसच्या खाली गेला की शाल काढायच्या.

त्या व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून होत्या. मला सरळ निघून जाता आलं असतं आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं. पण मी गेले आणि काच खाली करायची खूण केली.

"ताई," मी म्हटलं, "काकांना विचारा ठाण्याचं काय ठरलंय. तुम्हाला तिथे पोचल्यावर सांगणार आहेत. ते दोघं ठरवतायत."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या दचकतील.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सुनेने सांगितलं मला गेल्या महिन्यात. तिच्याशी बोलून मी ठरवून घेतलंय. हिवाळ्यात तीन महिने भारतात यायचं, ठाण्यात मैत्रिणीकडे राहायचं. आणि खोली वेगळी, हीटरवाली. चांगलं मिळालंय, स्मिता. नाही तर नुसतंच जावं लागलं असतं."

"आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्गात एखादी मुलगी अभ्यास न करता आली की बघायच्या असतील तसं.

"कधी म्हणणार?" त्या म्हणाल्या. "त्यांचं ठरलं तेव्हा मी भाजी आणायला गेले होते."

काका आले, पुढे बसले, "यल्ला, चलो भाई," म्हणाले, आणि व्हॅन निघाली. वळणावर ताईंनी मागे बघून हात केला. मीही केला. माझा राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही, पण आता तो नेमका कुणावर आहे ते मला सांगता येत नाही.